आवडाचं दुखणं जुनं होतं

आवडाच्या मनगटाला काच लागली ती आमच्या घरच्याच लग्नात. माझ्या धाकट्या भावाची मुलगी रुचिका, तिचं लग्न होतं. भाऊ आणि मी शेजारी राहतो, दोन्ही अंगणांच्या मधे नुसता तुराट्यांचा कूड आहे. मांडव दोन्हीकडे मिळून एकच घातला होता. हळदीच्या आदल्या दिवशी बायांना बांगड्या भरायला मेडशीहून भागिरथाबाई कासारीण आली.

आमच्या भागातल्या गावांना तीच बांगड्या भरते. वय साठीच्या पुढे, नवरा कधीचाच वारलेला, स्वतःचे हात मोकळे. पण दुसरीचा हात हातात घेतला की असा दाबते की घट्ट बांगडीसुद्धा बोटांवरून सरकून जाते. आधी नवरीला भरल्या, मग पाहुण्यांना, मग गावातल्या बायांना. चहापाणी करून करून माझी बायको आवडा सगळ्यात शेवटी बसली.

"बाई, हा हात हाये का पावडं?" भागिरथाबाई म्हणाली. "मेथी खुडून खुडून बोटाईचे पेरं जाड झाले तुमचे."

"भाजीवालीचा हात हाये वं, नवरीचा नाही," आवडा म्हणाली. "भरा तुमी. मी काही रडत नाही."

बाया हसल्या. तेवढ्यात कट् आवाज झाला आणि बांगडी गेली. "वाढली, वाढली," असं दोघीतिघी म्हणाल्या, कारण बांगडी फुटली असं तोंडानं म्हणत नाहीत. मनगटावर रक्त आलं. भागिरथाबाई आपल्या पदरानं पुसायला गेली तर आवडानं हात झटकन मागे घेतला. "राहू द्या, मी पुसते," म्हणाली आणि उठून मोरीवर गेली. बायांना वाटलं, जोरात लागलं असेल.

मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. तिनं हात मागे का घेतला ते मला ठाऊक होतं.

आम्हा दोघांना एचआयव्ही आहे. अकरा वर्षं झाली. मला खोकला आणि ताप होता, जात नव्हता, म्हणून अकोल्याला दाखवलं. टीबी निघाला. मग रक्त तपासलं तर हेही निघालं. मग तिचं तपासलं. त्या दिवशी अकोल्याच्या एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो होतो. दोन गाड्या सुटून गेल्या, आम्ही उठलो नाही. मग ती बोलली. "हे कोनाचं कोनाले आलं, ते काढाचं नाही. ते काढलं त आपन दोघं एका घरात राहू शकनार नाही." मी होय म्हटलं. आम्ही ते कधीच काढलं नाही. इथेही मी ते काढणार नाही.

गोळ्या आम्ही अकोल्याहूनच आणायचो. जवळ आणल्या असत्या तर ओळखीचं कुणी भेटलं असतं. गावात सांगायचो, भाजीचं बियाणं आणायला चाललो. बाटलीवर नाव असतं, म्हणून बाटली तिकडेच टाकून द्यायचो आणि घरी गोळ्या मेथीच्या बियांच्या डब्यात, कापडाच्या पुरचुंडीत ठेवायचो. जेवण झालं की ती एक माझ्या हातावर ठेवायची, एक स्वतः घ्यायची. तांड्यावरचा भाऊसिंग फाट्यावर नेहमी भेटायचा. तो म्हणायचा, "शालिकराम, बियानं आनाले जोडीनं जा लागते काय रे बापा? पेरनी त तू एकटाच करतं!" गाडीतले सगळे हसायचे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे असली थट्टा आम्हाला जास्तच ऐकावी लागे. आवडा खिडकीतून बाहेर पाहत हसायची.

आषाढात गावात तपासणीची गाडी आली. साखर, बीपी, रक्त किती आहे ते, आणि एचआयव्ही. बचत गटाच्या सगळ्या बायांनी ठरवलं की सगळ्यांनी तपासून घ्यायचं. मी आवडाला म्हटलं, तू वावरात जाय, घरी नव्हतो म्हणून सांगू.

"सगळ्या जाऊन राह्यल्या," ती म्हणाली. "मीच नाही गेली, त काहून नाही गेली हे इचारतीन. आन् मागच्या खेपीले डॉक्टर काय म्हनले? आता तुमच्या रक्तात तो रोग दिसत नाही. जे त्याइच्या मोठ्या मशीनले दिसत नाही, ते ह्या गाडीवाल्याइले दिसन का?"

मला ते पटलं. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते. गोळ्यांनी रोग एवढा दाबला आहे की मोजता येत नाही, पण गोळी जन्मभर सोडायची नाही. आम्ही त्याचा अर्थ असा घेतला की रक्त साफ झालं. आम्ही दोघंही फार शिकलेलो नाही. रोग न दिसणं वेगळं आणि रोगाशी लढायला अंगानं जे तयार केलं ते दिसणं वेगळं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. गाडीतल्या मुलीनं आवडाला विचारलं, आधी कुठली गोळी चालू आहे का? आवडा नाही म्हणाली.

पुढे काही दिवसांनी सुकेशनी मॅडम घरी आल्या. त्या समुपदेशनाचं काम करतात. साध्या साडीत आल्या, गाडी फाट्यावरच ठेवून चालत आल्या. मला म्हणाल्या, "दादा, ताईशी जरा बोलायचं आहे." मी उठून बैलाजवळ गेलो, पण ऐकू येत होतं. त्यांनी आवडाला हळूच सांगितलं की रक्तात एचआयव्ही निघाला. मग त्या विचारू लागल्या. मागच्या सहा-आठ महिन्यांत कुठे रक्त चढवलं का, सुई घेतली का, जत्रेत गोंदून घेतलं का. आणि मग म्हणाल्या, "कसं आहे ताई, आम्ही आणखी एक तपासणी करतो. लागण जुनी की नवी, ते त्यात कळतं. तुमची नवी दिसते. म्हणून विचारते."

ही गोष्ट त्यांनी सांगायची नव्हती. तसं नंतर त्यांनीच मला सांगितलं. पण बाई भल्या होत्या, त्यांना वाटलं, वेळेत कळलं हे ऐकून आवडाला धीर येईल.

आवडानं सगळ्याला नाही, नाही म्हटलं. गोळ्या घ्यायला अकोल्याला जाईन म्हणाली. मॅडम गेल्या. आणि कुडाच्या पलीकडे भावाची बायको अंजू शेंगा निवडत बसली होती, ती तशीच उठून आमच्याकडे आली. तिनं सगळं ऐकलं होतं. आवडाच्या गळ्यात पडून ती रडली. "बाई, तुमाले काहून असं व्हावं वं? तुमी कोनाचं काय वाईट केलं?"

अंजूला मी वाईट म्हणणार नाही. तिच्या मुलीचं लग्न होऊन दोन-अडीच महिने झाले होते. मोठ्या काकूला हा रोग, आणि तोही नवा, हे बाहेर कळलं तर लोक आवडाच्या चालीबद्दल बोलतील आणि रुचिकाला सासरी ऐकावं लागेल. आणि बाहेर तर कळणारच होतं, कारण मॅडमला गल्लीतल्या दोघीतिघींनी येताना पाहिलं होतं. म्हणून अंजू आपणच आधी बोलली. विहिरीवर, चक्कीवर, जिथं विषय निघाला तिथं ती म्हणाली, "त्या बांगडीनं झालं. मॅडमच्या मशीनमंधी नवंच दुखनं निंघालं. साऱ्याइनं पाह्यलं ना, मांडवात रक्त निंघालं ते. भागिरथाबाई गावोगाव हात धरते, कोनाकोनाचं रक्त लागलं असते तिच्या काचेले. आमच्या बाई गरीब सापडल्या."

लोकांना ते पटलं. आवडाकडे बोट दाखवायची त्यांचीही इच्छा नव्हती. बाया येऊन हळहळून गेल्या. एक जण तर शिरा घेऊन आली. आवडा कुणाला काही म्हणाली नाही. मीही नाही. आम्हाला वाटलं, आठ दिवसांत विसरतील.

श्रावण लागला. पंचमी आणि राखीच्या आधी बाया बांगड्या भरतात, कासारणीचं वर्षाचं पोट त्या दिवसांवर असतं. एका दुपारी मी आणि आवडा वावरात सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटत होतो. बांधावरून भागिरथाबाई आली. डोक्यावर बांगड्यांची पेटी तशीच बांधलेली. ती गावात गेली होती, पण पारावरच पोट्ट्यांनी अडवलं. एक म्हणाला, "आजी, पेटी खोलू नको, नाही त साऱ्या गावाले रोग वाटशीन." मेडशीतही तिला हाका यायच्या थांबल्या होत्या.

पण ती तक्रार करायला आली नव्हती. पेटी बांधावर ठेवून ती आवडासमोर मातीत बसली आणि तिचे पाय धरायला वाकली.

"मले माफ करा वं बाई. मी पाप केलं."

आवडा मागे सरकली. "उठा, उठा! काय करून राह्यल्या तुमी?"

"त्या दिवशी माया बोटाले जुनी चीर होती काचेची. मले आता आठवते. घरी बसून मी हेच आठवून राह्यली. जल्मभर बायाइचे हात धरले, कोनाचं कोनाले लावलं असन म्या? मायं बी रक्त तपासा म्हनून सांगाले आली मी. तुमी मले तिथं घेऊन चाला."

तिनं आपले हात पुढे केले. बोटांवर काचेच्या जुन्या पांढऱ्या रेघा होत्या, सगळ्याच बोटांवर. आवडा त्या हातांकडे पाहत राहिली. मग तिथंच, हातातली सांबाराची जुडी खाली न ठेवता, तिनं सांगून टाकलं.

"तुमचं नाही हे. मले अकरा वर्स झाले."

भागिरथाबाईला कळलंच नाही. आवडानं दोनदा सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, अकोल्याचं सांगितलं. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "माया मनावरचं वझं त उतरलं, बाई. मी कोनाजवळ बोलत नाही. तुमी झाकलं तसं झाकून ठेवा. मी दुसरीकडच्या गावाईले जाईन." आणि पेटी उचलून निघाली. पेटी डोक्यावर चढवायला मी हात लावला. एकाही बाईनं काही घेतलं नव्हतं, त्यामुळे ती भरलेली होती, जड होती.

घरी आल्यावर आवडानं भाकरी टाकली पण जेवली नाही. मी ओळखलं.

"नको सांगू," मी म्हटलं. "तिले कळलं ना? झालं."

"तिले कळून काय व्हते? हात त बायाइनं द्या लागते तिले."

"आपलं काय होईन? भाजी कोन घेईन आपली?"

"आपल्याले दोन एकर वावर त हाये. तिच्यापाशी ते हात हायेत, आन् तेच आपन नासवले." मग ती म्हणाली, "मी माया एकटीचं सांगीन. तुमचं नाव घेत नाही. तुमी वावरातच राहा."

दुसऱ्या दिवशी तिनं मेडशीला निरोप धाडून भागिरथाबाईला बोलावून घेतलं. म्हातारी यायला तयार नव्हती, पण आली. आमच्या अंगणात सतरंजी टाकली. बचत गटाच्या बायांना आवडानं स्वतः घरोघर जाऊन बोलावलं. मी वावरात गेलो नाही. दारात बसलो.

भागिरथाबाईला सतरंजीवर पाहून बाया अंगणाच्या तोंडाशीच थबकल्या. आवडा उभी राहिली. तिला बोलायची सवय नव्हती. मेथीचा डबा तिनं आणला होता. त्यातली पुरचुंडी काढून सोडली आणि गोळ्या सतरंजीवर ठेवल्या.

"ह्या गोळ्या मी अकरा वर्सांपासून खाऊन राह्यली. बांगडी आता वाढली. मायं दुखनं जुनं हाये. ह्या बाईनं मले काही नाही दिलं. बांगडीनं हे होतच नाही, मले डॉक्टरनं मांगंच सांगतलं होतं."

अंजू पुढे आली. "बाई, बस करा आता. तुमाले ताप हाये का?"

"अंजू, तू मायासाठी बोलली, मले मालूम हाये," आवडा म्हणाली. "पन हिचं काय?"

मागून एकजण म्हणाली, "मंग त्या मॅडमच्या मशीनमंधी नवं कसं निंघालं?"

"ते मशीनले इचार ना वं! मले अकरा वर्स झाले हे मले मालूम राहीन का मशीनले?"

एवढ्यावर कुणी हसलंही असतं, पण कुणी हसलं नाही. मग दुसरी हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणाली, "अकरा वर्सं नवऱ्याच्या ताटाशी बसली. मंग आनलं कोठून?"

मी उठलो. मला बोलायचं नव्हतं, तिनं नको म्हटलं होतं. पण ती अंगणात एकटी उभी होती आणि सगळ्या जणी तिच्याकडे पाहत होत्या.

"मले बी हाये," मी म्हटलं. "आमाले दोघाइले हाये. कोनाचं कोनाले आलं ते आमी एकमेकाले नाही इचारलं. तुमी बी नका इचारू."

आवडानं माझ्याकडे वळून पाहिलं. मग ती सतरंजीवर बसली, हातातल्या जुन्या बांगड्या काढल्या आणि हात पुढे केला. "भरा, भागिरथाबाई." भागिरथाबाईनं पेटी उघडली. एकही बांगडी फुटली नाही. दोन्ही हात भरून झाल्यावर आवडानं तिला वाकून नमस्कार केला आणि सरकून जागा केली. त्या जागेवर कुणी बसलं नाही. बाया एकेक करून गेल्या. अंजू कुडाकडून आपल्या घरात गेली आणि तिनं कुडातली जायची-यायची फट तुराट्या लावून बंद केली.

घरात गेल्यावर आवडा माझ्यावर चिडली. "तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले? बसवत नव्हतं का गप?"

"नाही बसवलं."

"आता तुमाले बी कोनी चहा देनार नाही गावात."

"तू देशीन ना," मी म्हटलं. तिनं चहा ठेवला.

सुकेशनी मॅडमना कळलं तेव्हा त्या पुन्हा आल्या. या वेळी बाहेर नाही, आत चुलीजवळ बसल्या. आवडाचा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुम्ही गोळ्या घेता हे मला त्या दिवशी सांगितलं असतं तर." मग त्यांनी आम्हाला समजावलं. माणसाच्या अंगात हा रोग शिरला की अंग त्याच्याशी लढायला काही तयार करतं. सुरुवातीला त्याची पकड सैल असते, दिवस जातील तशी घट्ट होते. ही तपासणी ती पकड बघते. पकड सैल, तर लागण नवी. पण वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या आणि रोग दबून राहिला की कधी कधी अंगाला लढायला काही उरत नाही, आणि मग जुन्या माणसाची पकडही सैल दिसते. मशीनला वाटतं, नवी आहे. म्हणून त्यांना प्रत्येकाला आधी गोळ्यांचं विचारावं लागतं.

"आणि ही तपासणी एका माणसाला सांगायसाठी नसतेच," त्या म्हणाल्या. "जिल्ह्यात कुठे नवी लागण वाढते आहे, ते बघायला असते. मी तोंडातून काढायला नको होतं."

"म्या बी खोटं सांगतलं," आवडा म्हणाली. "तुमची मशीन का करीन बापडी? तिले जसं दिसलं तसं तिनं सांगतलं."

त्या जाताना रडत होत्या. मला त्यांचा राग नाही आला. त्यांच्या मशीनचाही नाही.

पुढे जे झालं ते आवडाला हवं होतं तसंच झालं, आणि आम्हाला भीती होती तसंही झालं. पोळ्यापर्यंत बाया कुरकुरत राहिल्या. मग एकीच्या घरी डोहाळजेवण होतं, तिला हिरव्या बांगड्या हव्या होत्या, दुसरी कासारीण येईना. भागिरथाबाईला हाक गेली. मग दुसरीकडे गेली. दिवाळीपर्यंत गावातल्या सगळ्या बायांच्या हातात पुन्हा तिच्याच बांगड्या होत्या. रस्त्यानं बाया बोलत जायच्या तेव्हा आवडा भाजी निवडायचं थांबवून त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकायची. "पाहा," म्हणायची, "भरल्या तिनं."

आमची भाजी मात्र राहू लागली. आमच्या तालुक्याच्या मालेगावच्या बाजारात आमच्या शेजारी बसणारे लोक गिऱ्हाइकाच्या कानाशी लागायचे. गिऱ्हाईक हातातली जुडी ठेवून पुढे जायचं. संध्याकाळी आम्ही मेथी परत आणून बैलाला टाकायचो. आवडा म्हणायची, "यंदा बैल मस्त जाडा होईन." रुचिका दिवाळीला माहेरी आली नाही. तिला सासरच्यांनी पाठवलं नाही. कुडापलीकडे अंजू तोंडात पदर धरून रडायची, तरी ते आम्हाला ऐकू यायचं. आवडा एकदा कुडाजवळ जाऊन उभी राहिली, "अंजू" म्हणाली. तिकडे दार लागल्याचा आवाज आला.

कार्तिकात आवडाला सर्दी झाली. सर्दीचा खोकला झाला, खोकल्याचा निमोनिया. अकोल्याला भरती केलं. डॉक्टर म्हणाले, हा निमोनिया कुणालाही होतो, तिच्या जुन्या दुखण्याचा ह्याच्याशी संबंध नाही, तिच्या गोळ्या नीट चालू आहेत. मी हे गावात सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं, म्हणून मी सांगितलंच नाही. ती मार्गशीर्षात गेली. शुद्धीवर होती तोवर रोज विचारायची, "तुमी गोळी घेतली का?"

तिला घरी आणलं तो गुरुवार होता. घरोघरी बायांनी लक्ष्मीचे घट मांडले होते. आवडा अहेव गेली होती. आमच्यात नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला गावातल्या बाया न्हाऊ घालतात, हिरवं लुगडं नेसवतात, हात भरून बांगड्या घालतात, कपाळभर कुंकू लावतात, ओटी भरतात, आणि तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन आपल्या कपाळाला लावतात. तिचं भाग्य आपल्याला यावं म्हणून. आवडानं गावातल्या कितीतरी बायांना असं पाठवलं होतं.

माणसं आली. पारापाशी उभी राहिली. बाया आल्या त्या रस्त्याच्या पलीकडेच थांबल्या. कुणी म्हणाली, "मले आज उपास हाये, शिवता येत नाही." आवडाचा भाऊ मानोऱ्याहून माहेरचं लुगडं घेऊन आला. त्याची बायको जीपमधून उतरली नाही. त्यानं लुगडं माझ्या हातात दिलं आणि मान खाली घातली.

मी पाणी तापत ठेवलं. मीच न्हाऊ घालीन असं मनाशी धरलं. पण लुगडं कसं नेसवायचं ते मला येत नव्हतं. त्याचं मला राहून राहून वाईट वाटत होतं. इतक्या वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं की ती निऱ्या कशा घालते.

तेवढ्यात दुपारच्या एसटीनं भागिरथाबाई आली. डोक्यावर पेटी होती. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ अंगणात आली, पेटी ठेवली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "भाऊ, तुमी भाईर जा. पानी तेवढं आनून द्या." मी पाणी दिलं आणि दाराआड उभा राहिलो. तिनं एकटीनं न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं. मग बाहेर अंगणात आणल्यावर सगळ्यांसमोर बांगड्या भरायला बसली.

मेलेल्या माणसाचा हात दाबून मऊ होत नाही. ती दाबत होती, तिच्याशी बोलत होती. "सैल सोड वं हात, बाई. थोडा सैल सोड." दोन गेल्या. तिसरी कट् वाजली. काच भागिरथाबाईच्याच अंगठ्यात गेली आणि रक्ताचा थेंब आवडाच्या मनगटावर पडला. रस्त्यापलीकडच्या बायांनी श्वास आत ओढला, तो मला इथवर ऐकू आला. भागिरथाबाईनं अंगठा पदराला पुसला. "वाढली," म्हणाली आणि पेटीतून दुसरी काढली.

हात भरून झाल्यावर ती थांबली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता कुकू. मी विधवा बाई, भाऊ. मले नाही लावता येत."

अंगणात कुणीच हललं नाही. मग कुडाचा आवाज झाला. कुणीतरी पलीकडून तुराट्या ओढून काढत होतं. अंजू त्या फटीतून आली. रस्त्यानं आली असती तर चारच पावलं लागली असती, पण ती तिथूनच आली. केसांत तुराटीचा काडीकचरा अडकला होता. हातात तिच्या देवाची कुंकवाची डबी होती. आवडाच्या उशाशी बसून तिनं कपाळभर कुंकू भरलं. खणा-नारळानं ओटी भरली. मग आवडाच्या कपाळाला बोट लावून तिनं ते आपल्या कपाळाला लावलं आणि म्हणाली, "रुचिकाच्या सासूले काय सांगाचं ते मी सांगीन." हे ती आवडाला म्हणाली, आम्हाला नाही.

आणखी कुणी आलं नाही. त्या दोघीच होत्या. पण आवडा हिरव्या चुड्यानं गेली.

मागच्या महिन्यात गोळ्या संपल्या म्हणून अकोल्याला निघालो. डब्यात आता एका माणसाच्याच ठेवायच्या. फाट्यावर एसटी आली, भाऊसिंग आधीच खिडकीशी बसलेला होता. मला एकट्याला चढताना त्यानं पाहिलं. बियाण्याचं काही बोलला नाही. शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून त्यानं मांडीवर घेतली आणि म्हणाला, "बस." मी बसलो.